पाण्याखालची घंटी

पहिली घंटी वाजली तेव्हा सर्वेश खोबरेकर समुद्राच्या तळाशी गुडघे टेकून प्रवाळाचा नखाएवढा तुकडा खडकाला चिकटवत होता, आणि त्याची बायको ऋजुता वर होडीत बसून त्याच्या मेंदूकडे बघत होती.

पडद्यावर एक हिरवी रेघ संथपणे सरकत होती. घंटी वाजली आणि रेघ उसळली. पहाटे भरतीचं पाणी खाडीच्या तोंडातून आत शिरतं तशी ती वर चढली, क्षणभर थांबली आणि हळूहळू ओसरली. ऋजुता खुर्चीच्या कडेवर सरकून बसली. गेली कितीतरी वर्षं ती ज्याच्याबद्दल वाचत आणि लिहीत आली होती, ते आज ती डोळ्यांनी बघत होती. माणसाला आनंद झाला होता, आणि तो कधी झाला, किती झाला हे तिला खाली न उतरता कळलं होतं. तो माणूस तिचा नवरा होता, याचं भान तिला जरा उशिरा आलं.

मालवणच्या किनाऱ्यालगतची प्रवाळं दोन उन्हाळ्यांतल्या तापलेल्या पाण्यानं पांढरी पडून मेली होती. ती पुन्हा उभी करण्याचं काम ‘नीलतळ’ नावाच्या कंपनीला मिळालं होतं. जिवंत राहिलेल्या प्रवाळाचे बारीक तुकडे करायचे, किनाऱ्यावरच्या टाक्यांत ते वाढवायचे आणि मग पाणबुड्यांनी खाली जाऊन एकेक तुकडा खडकाला चिकटवायचा. काम किचकट होतं. मान अवघडायची, बोटं गारठायची आणि दिवसाच्या शेवटी खडक जवळजवळ सकाळसारखाच उघडा दिसायचा. सुरुवातीच्या वर्षांत लोकांनी हौसेनं काम केलं. पुढे काम वाढलं, माणसं वाढली, मुदती ठरल्या आणि वेग कमी पडू लागला. कंपनीचे प्रमुख कौस्तुभ साबडे यांनी बक्षिसं लावून बघितली. महिन्याचा उत्तम पाणबुड्या, दिवाळीला जादा पगार, गोव्याची सहल. दर वेळी वेग थोडे दिवस वाढायचा आणि मग पूर्वीच्या जागी यायचा.

असं का होतं हे सांगायला त्यांनी ऋजुताला आणलं. ती मूळची सांगलीची. मेंदू आणि काम यांचा संबंध हा तिचा विषय. नोकरीसाठी मालवणात आली आणि पाणबुड्यांच्या पथकप्रमुखाशी लग्न करून इथलीच झाली.

“मेंदूच्या तळाशी काही लाख पेशी असतात,” तिनं साबड्यांना पहिल्याच बैठकीत सांगितलं होतं. “बक्षीस मिळालं की त्या पेटतात असं पूर्वी वाटायचं. पण त्या बक्षीस मोजत नाहीत, फरक मोजतात. जे अपेक्षित होतं आणि जे मिळालं, त्यातला फरक. ठरलेल्या तारखेला ठरलेला पगार आला तर या पेशी ढिम्म असतात. अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं तर पेटतात, कमी मिळालं तर विझतात. तुमचा दिवाळीचा जादा पगार पहिल्या वर्षी आनंद होता. दुसऱ्या वर्षी तो हिशेबात धरला गेला. तिसऱ्या वर्षी तो तेवढाच राहिला म्हणून लोक नाराज झाले.”

“म्हणजे दर वर्षी वाढवत जायचं?”

“नाही. कुणाला, कधी अपेक्षा नसते ते ओळखायचं, आणि नेमकं तेव्हाच द्यायचं.”

ते ओळखणारं यंत्र म्हणजे पाणबुड्यांची नवी टोपी. तिच्या अस्तरात भिंगाएवढ्या चकत्या बसवलेल्या होत्या. मेंदूतल्या पेशी काम करतात तेव्हा अतिशय क्षीण चुंबकीय क्षेत्र तयार होतं, पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या काही अब्जांश भागाएवढं. या चकत्यांना तेही जाणवायचं. मुखवट्यातला छोटा कॅमेरा नजर कुठे आहे आणि समोर काय दिसतंय ते टिपायचा. हे सगळं ध्वनिलहरींवरून होडीतल्या संगणकाकडे जायचं. संगणक प्रत्येक माणसाची अपेक्षा शिकत जायचा आणि ती सर्वांत खाली असताना, एखादा तुकडा नीट बसला की, कानात घंटी वाजवायचा. घंटी वाजली म्हणजे बक्षिसात भर पडली.

पहिल्या महिन्यातच काम दुप्पट झालं. आश्चर्य म्हणजे बक्षिसांवरचा खर्च मात्र कमी झाला. संगणकाला कळलं होतं की थोडं, पण अचूक वेळी दिलं की पुरतं. साबडे होडीवर येऊन पडद्यासमोर उभे राहायचे. अकरा माणसांच्या अकरा रेघा कधी इथे, कधी तिथे उसळायच्या. “अंधारात काजवे चमकावेत तसं दिसतंय,” ते एकदा म्हणाले. त्यांच्या आवाजात हिशेब नव्हता, थक्क झालेपण होतं. ऋजुतालाही तसंच वाटायचं.

पाणबुडे खूश होते. फक्त कुणाला वर यायचं नसायचं. हवा संपत आल्याची सूचना मिळाल्यावरही एखादा म्हणायचा, अजून एक तुकडा, अजून एक. घरी आल्यावर सर्वेश जेवायचा, टीव्हीसमोर बसायचा आणि लवकर झोपायचा. लग्नाच्या वाढदिवसाला ऋजुतानं त्याला होडीवरच गाठलं. तो नुकताच वर आला होता, टोपी अजून डोक्यावर होती. कितीतरी दिवसांपासून त्याला हवा असलेला पाण्याखालचा कॅमेरा तिनं त्याच्या हातात दिला. तो हसला, मनापासून हसला असं तिला वाटलं. मग सवयीनं तिची नजर पडद्याकडे गेली. रेघ जेमतेम हलली होती.

तिनं पडदा बंद केला. पण बघून झालं होतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी पास्कोलचं प्रकरण घडलं. पास्कोल डिमेलो हा पथकातला सर्वांत जुना पाणबुड्या, पन्नाशीचा, आणि सर्वेशचा पाण्यातला जोडीदार. पाण्याखाली कुणी एकटं काम करत नाही. दोघांनी, एका गटात तिघांनी, एकमेकांवर लक्ष ठेवायचं, हा पहिला नियम. त्या दिवशी पास्कोलच्या नळीची झडप अडकली आणि हवा यायची थांबली. त्यानं हात हलवून खूण केली. सर्वेश चार हातांवर होता. पलीकडच्या जोडीतल्या एकानं ते बघितलं, झेप घेऊन स्वतःची नळी पास्कोलच्या तोंडात दिली आणि दोघं वर आले.

“वयनी, माका वाटला मी आता गेलंय,” पास्कोल होडीत आडवा पडून ऋजुताला म्हणाला. सर्वेश शेजारी मान खाली घालून बसला होता. त्यानं काही बघितलंच नव्हतं, असं तो सांगत होता.

ऋजुतानं संध्याकाळी नोंदी तपासल्या. त्यानं बघितलं होतं. पास्कोल हात हलवत असताना सर्वेशची नजर एकदा त्याच्यावर गेली होती आणि परत खडकावर आली होती. रेघेवर काहीच उमटलं नव्हतं. त्यानंतर लगेच एक घंटी वाजली होती. जुन्या नोंदींत, घंटी सुरू होण्याआधीच्या चाचण्यांत, सर्वेशनं पास्कोलकडे बघितलं की प्रत्येक वेळी एक लहानशी लाट दिसायची. जोडीदार ठीक आहे हे बघून वाटणारं बरं. ती लाट आता कुठेच नव्हती.

हे तिनं साबड्यांना सांगितलं. ते हादरले होते. त्यांना माणसाचा जीव जायला नको होता, हे खरंच होतं.

“मग जोडीदाराकडे बघण्यालाच घंटी लावा,” ते म्हणाले. “जे हवं त्याला बक्षीस द्यायचं. तुमचंच शास्त्र आहे.”

तिला तेव्हा त्यात चूक दिसली नाही. तिनं ती लावली.

आठवड्याभरात सगळे एकमेकांकडे सारखे बघू लागले. आकडे इतके चांगले होते की साबड्यांनी मुंबईच्या बैठकीत ते दाखवले. पुढच्या सोमवारी पास्कोल पाण्यातून वर आला तोच काळवंडलेल्या चेहऱ्यानं. त्यानं टोपी काढून फळीवर ठेवली.

“काय झालं, पास्कूभाऊ?” ऋजुतानं विचारलं.

तो मागून वर येणाऱ्या सर्वेशकडे वळून म्हणाला, “मी मुद्दाम हवा नाय म्हणान खूण केलंय. तू माझ्याकडे बघलंस. पण माका बघूक नायस.”

सर्वेशनं ऋजुताकडे बघितलं. ती आधीच पडद्यावरच्या नोंदी मागे सरकवत होती. नजर पास्कोलच्या चेहऱ्यावर, त्याच्या गळ्यावरून फिरणाऱ्या आडव्या हातावर. घंटी. लाट. नजर परत खडकावर. लाट माणसाकडून निघून घंटीकडे गेली होती. ऋजुतानं त्या दिवसापासून बघण्यावरची घंटी काढून टाकली आणि वाट पाहिली. लोकांनी बघणं सोडलं. माणसाकडे बघून येणारी ती जुनी, लहानशी लाट परत आली नाही.

तिला वाचलेलं आठवलं. ज्यांना चित्रं काढायला आवडतं अशा मुलांना चित्रासाठी बक्षीस आधी ठरवून दिलं, की नंतर बक्षिसाशिवाय ती चित्राकडे फारशी वळत नाहीत. हे तिनं विद्यार्थ्यांना शिकवलंही होतं. ते आपल्या घरात, आपल्या माणसाच्या डोक्यात घडेल असं तिच्या मनात आलं नव्हतं.

चैत्र पौर्णिमा होऊन काही दिवस झाले होते. घंटी वाजवणाऱ्या यंत्रणेत दुरुस्ती चालली होती, म्हणून त्या संध्याकाळी फक्त मोजमाप चालू होतं. पथक जुन्या भागात, काळ्या खडपेपाशी, तिथल्या बुडालेल्या खडकांपाशी उतरलं होतं. तिथली प्रवाळं कंपनीच्या पहिल्या वर्षांत, पास्कोल आणि सर्वेशच्या हातांनी लागलेली. नखाएवढे तुकडे एकमेकांत मिसळून आता परातीएवढे झाले होते. ती कितपत वाढली आहेत हे अंधार पडताना तपासायचं होतं. घंटी नसल्यामुळे सगळे कंटाळलेले. अकरा रेघा जमिनीसारख्या सपाट.

दिवेलागण झाली. ऋजुता थर्मासमधला चहा ओतत होती. पडद्यावर काहीतरी हललं म्हणून तिनं मान वर केली.

आधी एकच रेघ उठली, पास्कोलची. मग सर्वेशची. मग तिसरी, चौथी, आणि सगळ्या अकरा. त्या काजव्यांसारख्या लुकलुकत नव्हत्या. एकदम उठल्या आणि उठलेल्याच राहिल्या, जणू खाली एकच मोठी लाट आली आहे आणि तिनं सगळ्यांना उचललं आहे. इतकी उंच रेघ तिनं कुणाचीही, कधीही बघितली नव्हती. यंत्र बिघडलं असं तिला वाटलं. तिनं सर्वेशच्या मुखवट्यातला कॅमेरा लावला.

पाण्यात गुलाबी मणी होते. हजारो, मोहरीएवढे, प्रत्येक प्रवाळातून सुटून सावकाश वर निघालेले. विजेरीच्या झोतात ते चमकत होते. परातीएवढी ती प्रवाळं, जी या लोकांनी तुकड्या-तुकड्यांनी लावली होती, आज पहिल्यांदा अंडी सोडत होती. समुद्रात कुठेही घड्याळ नसताना सगळ्यांनी एकच घटका निवडली होती. तळापासून वरपर्यंत पाणी त्या मण्यांनी भरलं होतं, आणि त्यात अकरा माणसं हात पसरून निश्चल लोंबकळत होती.

ऋजुता पडद्याला नाक लावून बसली. मग तिला आणखी एक गोष्ट दिसली. रेघा सर्वांत उंच जात होत्या त्या मणी बघताना नव्हे. कुणी दुसऱ्याचा दंड धरून त्याला दाखवत असे, ते बघ, तिकडे बघ, आणि दुसरा वळून बघत असे, त्या क्षणी. दोन्ही रेघा एकदम चढायच्या. दाखवणाऱ्याची किंचित जास्त. सर्वेशनं पास्कोलचा हात धरला होता. तो सोडतच नव्हता.

तिचा चहा गार झाला. मोजायचं काम यंत्र करत होतं, तिच्याकडे करण्यासारखं काही नव्हतं. ती नुसती बघत राहिली.

साबड्यांना ते आलेख दुसऱ्या दिवशी मिळाले. त्यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं तेव्हा त्यांचे डोळे चमकत होते.

“असला आकडा कधी बघितला नाही. आणि एक पैसा खर्च न होता. ऋजुता, हे काय आहे?”

“एकमेकांना दाखवणं.”

“मग झालं तर. दाखवण्याला घंटी लावा. जोडीदाराला काही दाखवलं, त्यानं बघितलं, की दोघांना घंटी.”

“सर, तसं केलं तर महिन्याभरात ते मरेल.” ती स्वतःच्या शांतपणानं चकित झाली. “बघण्याचं मारलं तसंच. ते परत येत नाही, हे मी तुम्हाला दाखवलंय.”

“मग काय करायचं? एवढं सापडलंय आणि सोडून द्यायचं?”

“घंटी बंद करायची. टोप्याही काढायच्या. टोपी राहिली की कुणीतरी तिला उद्या घंटी लावणारच, तुम्ही नाही तर तुमच्यानंतरचा कुणी. बक्षिसाचा सगळा पैसा पगारात घाला, म्हणजे घराची काळजी राहणार नाही. आणि प्रत्येक जोडीला आपला खडक द्या. चार-पाच वर्षं तोच. जे लावतील ते वाढताना त्यांना बघू दे.”

“काम निम्म्यावर येईल.”

“येईल. सुरुवातीला निम्म्याच्याही खाली.”

साबड्यांनी आलेख बाजूला सारले. “तुमची अख्खी योजना आहे ही. ती बंद करा म्हणून तुम्ही मला सांगताय.”

“हो.”

ते तयार झाले ते एका अटीवर. फक्त याच पथकापुरतं, फक्त एक वर्ष. आकडे सावरले नाहीत तर घंटी परत येईल, आणि ती चालवायला दुसरं कुणी.

घरी तिनं हे सांगितलं तेव्हा सर्वेश ताटावरून उठला.

“मला विचारलंस?”

“तू पास्कूभाऊंना—”

“मला माहितीय मी काय केलं. मला विचारलंस का? आधी ती डोक्यात घातली तेव्हाही तूच ठरवलंस, आता काढायचीही तूच.” तो हात धुवायला गेला आणि तिथूनच म्हणाला, “खाली गेल्यावर ती वाजणार नाही हे नुसतं मनात आलं तरी खाली उतरावंसंच वाटत नाही. तुझ्या पडद्यावर दिसतं का ते?”

“दिसतं,” ती म्हणाली. 

वाईट दिवस आले. काम निम्म्याच्या खाली गेलं. दोघं पाणबुडे घंटीवाल्या दुसऱ्या पथकात निघून गेले. राहिलेले खाली जायचे, वर यायचे, कुणी कुणाशी बोलायचं नाही. ज्या अपेक्षा यंत्रानं त्यांच्या डोक्यात बांधल्या होत्या त्या रोज रिकाम्या परत येत होत्या. सर्वेश घरी आला की गच्चीवर जाऊन बसायचा. ऋजुता वर जायची नाही. त्याच्यावर पुन्हा काही करून बघण्याची तिला भीती वाटायची.

मग पावसाळ्यात समुद्र बंद झाला. ऑक्टोबरात पुन्हा उतरले तेव्हा काम थोडं सुधारलं, फार नाही. एक दिवस सर्वेशनं जेवताना आपणहून सांगितलं की त्यांच्या खडकावर एक आठपाय, म्हणजे ऑक्टोपस, राहायला आलाय आणि पास्कोलचा हातमोजा पळवून नेलाय. त्यानं भाताचा घास तसाच हातात धरून तो आठपाय कसा बघत होता ते डोळे बारीक करून दाखवलं. ऋजुता हसली. त्याच्या डोक्यात त्या वेळी काय चाललंय हे तिला कळत नव्हतं. तिनं त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. तो तिच्या हसण्याचीच वाट बघत होता, हे तिला तिथे दिसलं.

फेब्रुवारीत पाणी स्वच्छ झालं. त्या सकाळी पास्कोल ठरल्यापेक्षा लवकर वर आला. त्याच्या मागोमाग एकेक करत सगळेच वर आले.  होडीच्या कडेला धरून नऊ माणसं पाण्यात नुसती तरंगत होती, मुखवटे कपाळावर सारलेले. ऋजुता घाबरून वाकली.

“काय झालं?”

“वयनी,” पास्कोल म्हणाला, “प्रवाळ इलो हा. बारको. नखाएवढो. पल्याडच्या कातळावर.”

“पलीकडे? तिथे कुठे लावलंय आपण?”

“नाय लावूक. आपणच इलो.”

चैत्रातल्या त्या संध्याकाळचे मणी वर तरंगत गेले, फुटले, जुळले, वाहत गेले. बहुतेक माशांनी खाल्ले असतील, बहुतेक वाया गेले असतील. त्यांतलाच एखादा जीव अंधारात तळाशी उतरला, मेलेल्या कातळावर त्यानं जागा शोधली आणि तो तिथे बसला. पावसाळाभर, कुणी बघत नसताना, वाढत राहिला.

सर्वेशनं होडीच्या कडेवर ठेवलेल्या तिच्या हातावर आपला ओला हात ठेवला. “एकच नाही, ऋजू. आम्ही शोधत गेलो. सगळीकडे आहेत.”

तिनं साबड्यांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. “कमाल आहे,” ते म्हणाले. “कुणी लावलंय हे? ज्यानं लावलं त्याला काहीतरी द्यायला हवं.”

“कुणीच लावलेलं नाही, सर.”

 मग ते म्हणाले, “मला बघता येईल का?”

साबड्यांना पोहता येत नव्हतं. सात वर्षं प्रवाळाची कंपनी चालवून ते एकदाही पाण्याखाली गेले नव्हते. मालवणात पर्यटकांना नेतात तसं पास्कोलनं त्यांना पाठीमागून धरून नेलं. खाली जाताना त्यांनी पास्कोलचं मनगट इतकं घट्ट आवळलं होतं की नंतर तिथे वळ राहिले.

वर आले तेव्हा त्यांना हात देऊन होडीत घ्यावं लागलं. ते फळीवर बसले. अंगावरून पाणी गळत होतं, केस कपाळाला चिकटले होते.  वर्ष संपायला दोन महिने होते आणि आकडे सावरले नव्हते, हे ऋजुताला आठवत होतं आणि त्यांनाही आठवत असणार.

“केवढं होईल ते?” त्यांनी विचारलं.

“तुमच्या डोक्याएवढो होवक वीस वर्सां तरी लागतली,” पास्कोल म्हणाला.

“तेव्हा मी इथे नसेन.”

“आमी तरी खंय असतलंव.”

साबडे हसले. मग त्यांनी पाण्याकडे बघितलं आणि संकोचानं, पोरासारखं विचारलं, “अजून एकदा नेता का?”

पास्कोलनं हवा किती उरली आहे ते बघितलं. थोडी होती. दोघं पुन्हा खाली गेले.